पहिला सूट: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

कॉलेजांतल्या मुलाखती आणि नव्या नोकऱ्यांचे दिवस आले की सुटाविषयी विचारणारी पत्रं वाढतात. या अंकात त्यांतली निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरं शिवण, कापड आणि धुलाई या कामांतल्या जाणकारांची आहेत.

प्रश्न: मुलाला बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) कंपनीत पहिली नोकरी लागली आहे. आठवड्यातून दोन दिवस सूट घालावा लागेल. बूट आहेत, बाकी सगळं १६,००० रुपयांत बसवायचं आहे. इथल्या टेलरने कोट-पँटची शिलाई ६,५०० आणि जादा पँटची ८०० सांगितली. मॉलमध्ये तयार सूट ९,९९९ ला आहे. कोणता घ्यावा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ते मुलाच्या खांद्यांवर ठरेल. आधी त्याला मॉलमध्ये नेऊन तोच कोट लागोपाठच्या तीन मापांत घालून बघा. काही विकत घ्यायचं नसलं तरी हे करा. अंगात नेहमीचा फुल बाह्यांचा शर्ट हवा. टी-शर्टवर कोट घातला तर माप फसतं.

खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथेच संपायला हवी. ती बाहेर गेली तर बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडतो, आत राहिली तर दंडावर फुगा दिसतो. मग मानेमागे बघा. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी. मध्ये फट दिसत असेल किंवा कॉलरखाली आडवी वळी पडत असेल, तर तो कोट परत ठेवा. या दोन जागांची दुरुस्ती म्हणजे बाह्या आणि कॉलर उसवून कोट जवळपास नव्याने बांधणं. कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी तयार होऊ नका. बाकीचं सुधारता येतं: कंबर घट्ट-सैल करणं, बाहीची लांबी, पँटची उंची, मोहरी (पँटच्या तळाची रुंदी).

वरचं बटण लावल्यावर पोटावर इंग्रजी एक्ससारख्या ताणाच्या रेघा उमटल्या तर एक माप वर जा. कोटाची उंची बैठक जेमतेम झाकेल इतकी हवी. हात सरळ सोडल्यावर शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर बाहेर दिसावा.

एखाद्या मापात खांदे आणि कॉलर बसली तर तयार सूट घ्या, वाचलेल्या पैशांतून कंबर आणि बाही नीट करून घ्या. कोट एका मापाचा आणि पँट दुसऱ्या मापाची मिळते का तेही विचारा. सूट बहुतेक ठिकाणी जोडीनेच विकतात, आणि साच्यात छाती-कंबरेतला फरक साधारण सहा इंच धरलेला असतो. बारीक मुलांना म्हणूनच पँट ढगळ होते.

खांदे तीनही मापांत बसत नसतील तर शिवून घ्या. हिशोब असा: ५८ इंच पन्ह्याचं कापड मध्यम बांध्याला कोट-पँटसाठी सव्वातीन मीटर लागतं, जादा पँटला सव्वा मीटर. साडेचार मीटर १,४०० च्या भावाने ६,३००, शिलाई ७,३००. एकूण १३,६००. उरलेल्या २,४०० मध्ये एक चांगला पांढरा शर्ट आणि टाय होतो. मुलगा सहा फुटांच्या वर असेल किंवा अंगाने भरलेला असेल तर पाव मीटर जादा धरा. चौकड्यांचं कापड असेल तर रेघा जुळवण्यात आणखी थोडं जातं.

जादा पँट चैनीची नाही. कोट खुर्चीच्या पाठीवर लटकलेला असतो, पँट मात्र दिवसभर अंगात असते. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने जाणाऱ्याची पँट मांड्यांमध्ये आणि बैठकीवर आधी विरते, आणि पँट गेली की सूट गेला. दोन पँटी आलटून पालटून वापरल्या तर कोट त्यांना दुप्पट काळ साथ देतो. फक्त दोन्ही पँटी आणि कोट एकाच ताग्यातून, एकाच दिवशी कापून घ्या. नंतर आणलेल्या ताग्याचा रंग ट्यूबलाइटखाली जुळतो आणि उन्हात फसतो.

प्रश्न: पहिलाच सूट आहे. काळा घेऊ का? सगळ्या समारंभांना चालेल असं घरचे म्हणतात. (एक वाचक, लालबाग)

उत्तर: नको. गडद निळा, आणि तो आवडत नसेल तर गडद राखाडी. साधा, एकरंगी, दोन बटणांचा. काळ्यावर धूळ, धागे, कोंडा सगळं उठून दिसतं, आणि दिवसा ऑफिसात तो वेटरच्या गणवेशाकडे झुकतो. निळा कोट राखाडी पँटवर वेगळाही घालता येतो. लग्नाच्या रिसेप्शनला निळा चालतोच, घरच्यांची काळजी मिटेल.

प्रश्न: मंगलदास मार्केटमध्ये एका दुकानात 'सुपर १२०' लिहिलेलं कापड ७०० रुपये मीटरने मिळालं. शुद्ध लोकर आहे असं सांगितलं. खरं असेल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: त्या भावात शुद्ध लोकर मिळाली असं आम्ही धरून चालणार नाही.

'सुपर'चा आकडा मूळचा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणासाठी आहे. सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. तो शुद्ध लोकरीच्या कापडासाठीच वापरायचा असतो. बाजारात मात्र पॉलिएस्टर-व्हिस्कोस या कृत्रिम धाग्यांच्या कापडाच्या किनारीवरही तो छापलेला दिसतो, कारण किनारीवर काय छापायचं ते छापणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे विचारायचं ते लोकरीचं प्रमाण. शंभर टक्के, पंचेचाळीस टक्के, काय ते बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजा.

खात्री करायची असेल तर दोन-तीन इंचांचा तुकडा मागून घरी आणा. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढा, कारण काही कापडांत उभा धागा एका जातीचा आणि आडवा दुसऱ्या जातीचा असतो. चिमट्यात धरून एकेक जाळा. लोकर सावकाश जळते, ज्योत काढली की विझू लागते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक गोळी राहते. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं. मिश्रणात वासही येतो आणि गोळीही राहते. हा प्रयोग कापडबाजाराच्या बोळात उभं राहून करू नये, हे वेगळं सांगायला नको.

मूठ आवळून बघण्याची युक्ती सगळे सांगतात. दहा सेकंद आवळून सोडल्यावर घड्या लगेच निघाल्या तर कापड चांगलं, असं म्हणतात. ती अर्धीच खरी आहे, कारण पॉलिएस्टरही तसंच सरळ होतं. या परीक्षेत फक्त व्हिस्कोस जास्त असलेलं कापड नापास होतं.

आता मुंबईपुरतं. इथे थंडीची नाही, घामाची काळजी घ्यायची असते. मीटरला २४० ते २८० ग्रॅम वजनाचं, साध्या विणीचं कापड मागा. उजेडासमोर धरल्यावर बारीक छिद्रांतून प्रकाश दिसला तर हवा खेळेल. शुद्ध लोकर परवडत नसेल तर टेरीवूल घ्या. ५५ टक्के पॉलिएस्टर आणि ४५ टक्के लोकर हे जुनं, पारखलेलं मिश्रण आहे. त्याला इस्त्री टिकते आणि लोकलच्या गर्दीत ते तग धरतं. निव्वळ पॉलिएस्टर-व्हिस्कोस स्वस्त पडतं, पण दादरच्या पुलावर मे महिन्यात ते अंगाला चिकटतं. सुपर १२०, १४० च्या मागे लागू नका. धागा जितका बारीक तितका स्पर्श मऊ, पण कापड लवकर झिजतं आणि लवकर चुरगळतं. रोजच्या वापराला १०० ते ११० पुरे.

नावाजलेल्या गिरणीचा शिक्का असला म्हणजे लोकर आली, असंही नाही. १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झालेलं रेमंड असो की अमृतसरचं ओसीएम, एकाच नावाखाली शुद्ध लोकरही मिळते आणि मिश्रणंही. नावावरून विणीचा आणि रंगाचा भरवसा येतो. प्रमाण दर वेळी वाचायचंच.

मंगलदासला जायचं तर सकाळी जा आणि तागा दुकानाबाहेर उजेडात धरून बघा. आतल्या दिव्यांत गडद निळा आणि काळा एकच दिसतात. रविवारी बाजार बंद असतो.

प्रश्न: दीड वर्षापूर्वी शिवलेल्या कोटाच्या छातीवर दुसऱ्या ड्रायक्लीननंतर बारीक फोड आले आहेत. कापड खराब निघालं का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: कापडाचा दोष असेलच असं नाही. बहुतेक वेळा आतल्या बुकरमचा डिंक सुटलेला असतो.

कोटाचा पुढचा भाग ताठ राहावा म्हणून आत एक थर लागतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कोटांत तो डिंक लावलेल्या बुकरमचा असतो आणि गरम दाबाने कापडाला चिकटवतात. हे काम मशीनवर व्हायला हवं: डिंकाच्या जातीनुसार साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअस, सगळीकडे सारखा दाब, दहा-वीस सेकंद. छोट्या दुकानांत तेच हातइस्त्रीने उरकतात. मग काही ठिकाणी डिंक नीट वितळत नाही, काही ठिकाणी जळतो. दुसरं कारण म्हणजे कापड शिवण्याआधी आटवून न घेणं. ड्रायक्लीननंतर कापड आटतं, बुकरम आटत नाही, आणि जास्तीचं बुकरम आत फुगून राहतं. पावसात भिजलेल्या कोटावर कडक इस्त्री फिरवली तरी हेच होतं.

वाफ देऊन हलक्या हाताने दाबलं तर लहान फोड काही दिवस बसतात, पण परत येतात. पक्का इलाज म्हणजे पुढचा भाग उसवून नवं बुकरम घालणं. त्याला लागणारे पैसे नव्या कोटात घातलेले बरे.

पुढचा कोट घेताना चिमटी लावून बघा. सर्वांत खालच्या काजाखाली, कडेपासून दोन-तीन इंच आत, बाहेरचं कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतलं दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून अलगद वेगळं करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर पूर्ण कॅनव्हास आहे, म्हणजे न चिकटवता टाक्यांनी बसवलेला थर. तिथे नाही, पण छातीवर आणि लॅपलमध्ये (कॉलरखालच्या उलटलेल्या पट्टीत) जाणवला तर अर्धा कॅनव्हास. कुठेच नसेल तर चिकटवलेलं बुकरम. कारखान्यात मशीनवर नीट चिकटवलेला कोट वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. मात्र शिवूनच घेणार असाल आणि टेलरला अर्धा कॅनव्हास जमत असेल, तर जादा पैसे तिथे घाला. मुंबईच्या दमट हवेत सुपरच्या आकड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न: टेलरकडे ट्रायलला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आम्ही नुसतं "छान आहे" म्हणून परत येतो. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: ट्रायल दोन असायला हव्यात, हे माप देतानाच ठरवा. पहिली कच्ची, म्हणजे धावदोऱ्यावर जोडलेला कोट, खिसे कापण्याआधी. दुसरी बाह्या आणि कॉलर बसल्यावर, काजं कापण्याआधी. काज एकदा कापलं की बटणाची जागा सरकवता येत नाही. एकच ट्रायल देणाऱ्याकडे सगळं तयार झाल्यावर फक्त कंबर दाबून मिळते.

जाताना ऑफिसचे बूट आणि शर्ट घालून जा. खिशात फोन आणि पाकीट ठेवा, कारण तुम्ही ते रोज ठेवणार. आरशासमोर छाती काढून उभं राहू नका. रोज जसे उभे राहता तसेच राहा. रोज एका खांद्यावर बॅग अडकवणाऱ्यांचा एक खांदा पुष्कळदा खाली असतो. त्या बाजूला काखेखाली तिरक्या वळ्या पडतात. टेलर त्या बाजूला थोडं पॅडिंग वाढवून खांदे सारखे करतो, पण ते कच्च्या ट्रायलमध्येच सांगावं लागतं.

मग पाठ. स्वतःची पाठ दिसत नाही, म्हणून कुणाला तरी बरोबर न्या आणि मागून फोटो काढायला सांगा. दोन्ही खांद्यांच्या मध्ये झोळ आलेला नको, खालचा कट मिटलेला हवा. हात पुढे करून लोकलची कडी धरल्यासारखा वर घ्या. सगळा कोट हातासोबत उचलला गेला तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, फार खोल कापला आहे. इथे लोकांचा उलटा समज असतो. मुंढा काखेजवळ वर असला की हात मोकळा फिरतो, खोल मुंढ्याने अडकतो. शेवटी बसा. पँट मांडीवर ताणली गेली तर तिथे सैल करायला सांगा.

टेलरला आधीच सांगायच्या तीन गोष्टी आहेत. कापड आधी वाफेवर आटवून घ्या. पँटच्या मागच्या शिवणीत दीड-दोन इंच आणि बाहीच्या तळाशी इंचभर माया (शिवणीत दुमडलेलं जादा कापड) ठेवा, कारण पहिल्या नोकरीनंतर दोन वर्षांत बहुतेकांची कंबर वाढते. अस्तर पाठीच्या वरच्या भागापुरतंच घाला आणि ते व्हिस्कोसचं असू दे, कारण पॉलिएस्टरच्या अस्तरात घाम अडकतो. अर्ध्या अस्तरात आतल्या शिवणी उघड्या दिसतात, त्यांना पट्टी लावून कडा बंद करायला सांगा, नाहीतर धागे सुटतील.

वेळेचंही बघा. तुळशीच्या लग्नानंतर टेलरकडे कोटांची रांग लागते आणि घाईत पहिली काट ट्रायललाच बसते. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा कापड टाका.

प्रश्न: काकांचा चांगल्या लोकरीचा कोट पडून आहे. माझ्या मापाचा करून मिळेल का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर: खांदे बसत असतील तर अवश्य करा. नव्या पॉलिएस्टर सुटापेक्षा तो चांगला दिसेल. कंबर दोन्ही बाजूंच्या शिवणींतून मिळून दोन-अडीच इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर खिसे पाठीकडे सरकल्यासारखे दिसतात. बाही खालून आखूड होते, पण कफवरची काजं खरोखर कापलेली असतील तर नाही. कोटाची उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा कमी करू नका, खिसे फार खाली दिसू लागतात. सैल करायचा असेल तर आधी अस्तर थोडं उसवून आत किती माया आहे ते बघायला सांगा. आणि कोट उजेडासमोर धरून कसरीने पाडलेली भोकं शोधा. काखेत आणि कॉलरखाली ती हमखास असतात.

प्रश्न: मला पँटसूट हवा आहे. दुकानांतले ब्लेझर छातीवर उघडतात किंवा खांद्यावर मोठे होतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: खांद्याच्या मापाने घेऊन छातीला जागा करता येत नाही. छातीच्या मापाने घेतला तर कंबर आत घेता येते, पण खांदा राहतो. म्हणून शिवून घेणंच बरं. पुरुषांचे कोट शिवणाऱ्या आणि स्त्रियांचेही घेणाऱ्या टेलरकडे जा. उत्तम ब्लाउज शिवणाऱ्याला कोट जमेलच असं नाही, कॉलर आणि बाही बसवणं हे निराळं काम आहे. खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून छातीवरून खाली येणारी उभी शिवण मागा, म्हणजे छाती आणि कंबर दोन्ही मापं साधतात. पहिलं बटण छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाच्या खाली हवं. आतला खिसा आणि पँटला खरे खिसे स्पष्ट सांगून घ्या, नाहीतर नुसत्या पट्ट्या लावून मिळतात. मध्यम बांध्याला तीन मीटर कापड पुरतं.

प्रश्न: लोकलने जाताना कोट कसा न्यायचा? आणि पावसाळ्यात कपाटात बुरशी येते, त्याचं काय? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: कोट अंगात घालून गर्दीत शिरू नका, आणि त्यावर पाठीवरची बॅग तर नकोच. बॅगेचा पट्टा खांद्याचं पॅडिंग दाबतो आणि त्याखालचं कापड घासून चकाकतं. घडी अशी घाला: कोट समोर धरून एक खांदा पूर्ण उलटा करा, अस्तर बाहेर. दुसरा खांदा न उलटता त्याच्यात बसवा. आता कोट उभा अर्धा झाला आणि अस्तर बाहेर आलं. मग आडवी सैल घडी घालून बॅगेत सर्वांत वर ठेवा. ऑफिसात पोचल्यावर रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. तारेचे हँगर खांद्याला टोकं काढतात.

घरी आल्यावर लगेच कपाटात नको. पंख्याखाली रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ ब्रशने वरून खाली झटका. वर्षातून दोन-तीन वेळा ड्रायक्लीन पुरे. डाग नसेल तर मधल्या काळात फक्त वाफेची इस्त्री. देताना कोट आणि दोन्ही पँटी एकत्र द्या, नाहीतर रंगांत फरक पडत जातो. कोपऱ्यावरच्या 'पेट्रोल वॉश'वाल्याला लोकर असल्याचं सांगा. इस्त्री कापडावर थेट न फिरवता मध्ये सुती कापड ठेवायलाही सांगा. लॉन्ड्रीची प्लॅस्टिकची पिशवी घरी येताच फेकून द्या. बुरशीचं ते मोठं कारण आहे, आतला दमटपणा बाहेर जात नाही. जुनी सुती चादर किंवा कापडी पिशवी घाला. जून ते सप्टेंबर पंधरवड्यातून एकदा कोट बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. डांबरगोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत बांधून, कापडाला लागणार नाहीत अशा.

प्रश्न: नव्या कोटाचे खिसे शिवलेले आहेत आणि मागच्या कटावर फुलीसारखे टाके आहेत. ते तसेच ठेवायचे का? (एक वाचक, परळ)

उत्तर: फुलीचे टाके कापून काढा. दुकानात टांगलेला असताना कट उघडू नये म्हणून ते घातलेले असतात. बाहीवर बाहेरून लावलेलं कंपनीचं लेबलही उसवा. खिसे उघडण्याआधी आत बोट घालून पिशवी आहे का ते चाचपा, काही कोटांत खिसा नुसता दाखवायचा असतो. पिशवी असेल तर वरच्या कडेचा सैल टाका बारीक कात्रीने मध्ये कापा आणि धागा दोन्ही बाजूंनी ओढून काढा. ब्लेड वापरू नका. खालचे दोन खिसे शिवलेलेच ठेवले तरी चालेल, पाकीट आणि किल्ल्या आतल्या खिशात जातील आणि कोट पुढून लोंबणार नाही.